सारथी घर बदलतो तेव्हा

एखाद्या कर्त्या माणसाने एक घर सोडून दुसऱ्या घराची कास धरली, की आपल्याकडे पहिला शब्द उच्चारला जातो तो 'निष्ठा' हा. ज्यांनी हाताला धरले त्यांनाच सोडून गेला, असे लोक म्हणतात. आणि तो जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या पंक्तीला बसला असेल, तर बोलणे अधिकच कडू होते. १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, ही गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. नाटकमंडळी असो, तालीम असो वा गाण्याचे घराणे असो, प्रश्न एकच उरतो: गुणी माणसाची निष्ठा नेमकी कोणाशी असावी? घराशी, माणसांशी, की स्वतःच्या विद्येशी?

ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका दूरच्या क्षेत्रातील उदाहरणावरून करणार आहोत. ते क्षेत्र म्हणजे मोटारींच्या शर्यतींचे, आणि तो माणूस म्हणजे अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फान्जिओ. १९५६ साली फेरारीच्या मोटारीत बसून तो जगज्जेता झाला. ते वर्ष सरल्यावर त्याने फेरारी सोडली आणि मासेराती ह्या तिच्या हाडवैरी पेढीची मोटार हाती घेतली. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, ह्या खेळात शब्दांच्या फुलोऱ्याला फारसा वाव नाही. येथे माणसाच्या निर्णयाची परीक्षा घड्याळाच्या काट्यावर होते, आणि चूक झालीच तर तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

प्रथम ह्या खेळाची रचना समजून घेऊ. चालकांचे जागतिक अजिंक्यपद १९५० साली सुरू झाले. त्या काळी शर्यतीत पहिल्या पाच जणांना अनुक्रमे आठ, सहा, चार, तीन व दोन गुण मिळत, आणि सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्यास एक गुण अधिक. वर्षातल्या सर्व शर्यतींचे गुण धरीत नसत. १९५६ मध्ये ज्याचे त्याचे उत्तम पाच निकालच जमेस धरले जात. आणखी एक चाल होती, ती आज ऐकताना नवल वाटते. एका चालकाची मोटार बंद पडली, तर त्याच पथकातील दुसरा चालक खाली उतरून आपली मोटार त्यास देऊ शके. मग मिळालेले गुण दोघांत वाटले जात.

मोटार पथकाच्या मालकीची, मेकॅनिक पथकाच्या पगारावरचे, आणि चालक हा कराराने नेमलेला. जगज्जेतेपद मात्र चालकाच्या नावे. मोटार बांधणाऱ्यांसाठी स्वतंत्र अजिंक्यपद १९५८ साली आले. तोवर पेढीला कीर्ती मिळे ती शर्यत जिंकल्याची. आणि तिच्या दृष्टीने आपल्या चार चालकांपैकी कोण जिंकला ह्याला फारसे महत्त्व नसे. चालकाला मात्र स्वतःच जिंकावे लागे. म्हणजे दोघांचे हित बरेचसे एकत्र जाई, पण शेवटपर्यंत एकत्र जात नसे. पुढच्या साऱ्या कथेचे बीज ह्या तफावतीत आहे.

फान्जिओचा जन्म २४ जून १९११ रोजी ब्यूनोस आयरेस प्रांतातील बाल्कार्से ह्या गावी झाला. आईबाप इटलीहून आलेले, घरची स्थिती बेताची. लहान वयातच तो मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात लागला. इंजिन खोलून पुन्हा जोडणे, हे त्याचे पहिले शिक्षण. मोटार हाकणे हे दुसरे. दक्षिण अमेरिकेत तेव्हा डोंगर, वाळवंट आणि कच्चे रस्ते तुडवीत जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यती होत. १९४० साली ब्यूनोस आयरेसहून पेरूतील लिमापर्यंत आणि परत, अशी सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरची शर्यत त्याने शेवरले मोटारीत बसून जिंकली. अशा शर्यतीत मोटार बिघडली तर ती वाटेत स्वतःच दुरुस्त करावी लागे. १९४८ साली पेरूमधील अशाच एका शर्यतीत त्याची मोटार दरीत कोसळली आणि त्याचा सहचालक मरण पावला. युरोपात नियमितपणे शर्यती करायला तो १९४९ साली आला, तेव्हा त्याचे वय अडतीस होते. ज्या वयात इतर चालक निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात ह्याची खरी कारकीर्द सुरू झाली.

हे वय ध्यानात ठेवले पाहिजे. तरुण चालकाला एखादे वर्ष वाया गेले तरी चालते. पुढे वर्षे असतात. फान्जिओपाशी वर्षे मोजकीच होती. म्हणून कोणत्या मोटारीत बसावे, हा निर्णय त्याच्या दृष्टीने मोटार कशी हाकावी ह्याइतकाच मोलाचा होता.

त्याने घरे बरीच बदलली, हे खरे. १९५१ साली तो आल्फा रोमिओच्या मोटारीत प्रथम जगज्जेता झाला. परंतु त्या वर्षाअखेर आल्फा रोमिओनेच शर्यतींतून अंग काढून घेतले. येथे चालकाने घर सोडले नाही, घरानेच चालकाला सोडले. जून १९५२ मध्ये तो मासेरातीतर्फे मोंझा येथे उतरला. आदल्या दिवशी उत्तर आयर्लंडमध्ये शर्यत, नंतर पॅरिसहून रात्रभर मोटार हाकीत इटलीपर्यंतचा प्रवास, आणि झोपेविना पुन्हा शर्यत. दुसऱ्याच फेरीत मोटार उलटली, मानेचा मणका मोडला आणि ते सारे वर्ष गेले. १९५४ च्या आरंभी मर्सिडीसशी त्याचे बोलणे झाले होते, पण जर्मनांची नवी मोटार तयार नव्हती. तोवर मासेरातीने त्याला आपली मोटार दिली आणि त्याने तिला दोन शर्यती जिंकून दिल्या. जुलैपासून तो मर्सिडीसकडे गेला आणि १९५४ व १९५५ अशी दोन वर्षे जगज्जेता राहिला. जून १९५५ मध्ये ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे ठार झाली. त्या वर्षाअखेर मर्सिडीसही शर्यतींतून बाहेर पडली. दुसऱ्यांदा घरानेच दार लावून घेतले.

अशा रीतीने १९५६ साली तो फेरारीकडे आला. ही मोटार मुळात फेरारीची नव्हती. वित्तोरियो यानोने लांचिया ह्या पेढीसाठी ती आखली होती. लांचिया आर्थिक अडचणीत आल्यावर १९५५ च्या जुलैत ते सारे पथक फेरारीच्या हवाली करण्यात आले. मोटार वेगवान होती. पेढीचे नाव मोठे होते. मग बिनसले कोठे?

फेरारीच्या घराची रीत निराळी होती. मर्सिडीसमध्ये फान्जिओ हा पहिला चालक, आणि बाकीचे त्याच्या मागे, हे उघड ठरलेले होते. एन्झो फेरारीला असा क्रम ठरवणे रुचत नसे. त्याच्यापाशी पीटर कॉलिन्स, लुइजी मुसो, युजेनियो कास्तेलोत्ती असे तरुण, ईर्ष्येने पेटलेले चालक होते. त्यांना आपसांत झुंजू द्यावे, त्यातून जो वर येईल तो आपलाच, असा त्याचा विचार. पेढीच्या हिताने पाहिले तर हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण पंचेचाळिशीला पोचलेल्या, तीन वेळा जगज्जेता झालेल्या माणसाला त्यात रोज नव्याने परीक्षा द्यावी लागत होती.

त्याहून खोल अडचण मोटारीच्या निगेची होती. दुसऱ्या पथकांत एक मोटार एका मेकॅनिकच्या हाती असे. बोल्ट कोणी आवळला, हे चालकाला ठाऊक असे. फान्जिओ अशा माणसांशी घरोबा ठेवी, आणि जिंकलेल्या बक्षिसातील वाटा त्यांना देई. फेरारीकडे आरंभी तशी व्यवस्था नव्हती. पहिल्या सहामाहीत त्याची मोटार वारंवार बिघडली. अर्जेंटिनात मुसोची मोटार घेऊन, मोनॅकोत कॉलिन्सची मोटार घेऊन त्याने गुण मिळवले. बेल्जियममध्ये आघाडीवर असता मोटार मोडली, आणि फ्रान्समध्ये चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. ह्या दोन्ही शर्यती कॉलिन्सने जिंकल्या. मग फान्जिओने स्वतःसाठी एक कायमचा मेकॅनिक मागून घेतला. त्यानंतर ब्रिटन आणि जर्मनी येथील शर्यती त्याने ओळीने जिंकल्या. त्याचे स्वतःचे म्हणणे असे की, फरक पडला तो ह्या एका गोष्टीने.

महाभारतात शल्यासारखा सारथी लाभल्यावर कर्णाचेही काही चालले नाही. येथे प्रकार उलटा झाला होता: सारथी उत्तम, पण रथ सज्ज करणाऱ्यांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. ज्या काळात चालकाच्या कमरेला पट्टा नसे आणि रस्त्याच्या कडेला झाडे व दगडी भिंती असत, त्या काळी अशा अविश्वासाने माणूस ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने वळणात शिरणार तरी कसा?

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्या उन्हाळ्यात, ३० जून १९५६ रोजी, एन्झो फेरारीचा चोवीस वर्षांचा मुलगा दिनो दीर्घ आजाराने वारला. त्या घरावर दुःखाची छाया होती. आणि वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत, २ सप्टेंबरला मोंझा येथे, त्याच घरातील एका तरुणाने फान्जिओवर असे उपकार केले की ज्यांची परतफेड होत नाही. फान्जिओच्या मोटारीचे स्टिअरिंग मोडले होते आणि तो खाली उतरून उभा होता. कॉलिन्सची मोटार टायर पाहण्यासाठी थांबली. ही शर्यत जिंकून वेगवान फेरीचा गुणही मिळवला असता, तर कॉलिन्स स्वतः जगज्जेता होऊ शकत होता. तो मुकाट्याने खाली उतरला आणि आपली मोटार त्याने फान्जिओला दिली. फान्जिओ दुसरा आला. हिशेबाने पाहता त्या दिवशी त्याच्या एकूण गुणांत भर पडली नाही, कारण उत्तम पाच निकालच धरले जात. त्याचे तीस गुण तीसच राहिले. पण कॉलिन्सने स्वतःची आशा त्या क्षणी सोडून दिली होती. आपण चोवीस वर्षांचे आहोत, आपल्याला पुढे पुष्कळ वेळ आहे, असे त्याला वाटले. मासेरातीच्या मोटारीत शर्यत जिंकणारा स्टर्लिंग मॉस सत्तावीस गुणांवर राहिला, आणि फान्जिओ चौथ्यांदा जगज्जेता झाला.

अशा प्रसंगानंतर तो गेला. आणि गेला तो कोठे? फेरारीचा कारखाना मारानेल्लोस, मासेरातीचा मोडेना शहरात; दोहोंमध्ये अंतर वीस किलोमीटरांच्या आतले. दोन्हीकडचे कारागीर एकाच मुलखातले, एकाच बोलीत बोलणारे. आपल्या गावांत दोन तालमींची चुरस असावी, तशी ही चुरस. लांबच्या शत्रूकडे जाणे एक वेळ सहन होते, शेजाऱ्याकडे जाणे होत नाही. परंतु फान्जिओच्या बाजूने पाहता हे परक्या घरी जाणे नव्हते. १९५३ चे सारे वर्ष आणि १९५४ चा आरंभ त्याने मासेरातीतच काढला होता. तिची अडीच लिटरची, सहा सिलिंडरची २५०-एफ ही मोटार पहिल्याच शर्यतीत त्याने जिंकून दिली होती. तिचे मेकॅनिक त्याच्या परिचयाचे होते. आणि मॉस १९५७ साठी व्हॅनवॉल ह्या इंग्रज पथकाकडे निघाल्याने तेथील पहिल्या चालकाची जागा मोकळी झाली होती.

पुढे ह्या वियोगावर दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. फान्जिओच्या नावे १९६१ च्या सुमारास निघालेल्या आत्मकथेत फेरारीवर कठोर आरोप होते. आपल्याला मुद्दाम मागे ठेवले गेले, असा त्यांचा रोख होता. एन्झो फेरारीने आपल्या आठवणींत ते नाकारले. फान्जिओची योग्यता त्याने मान्य केली, परंतु हा माणूस कोणत्याच पेढीशी बांधला गेला नाही, नेहमी उत्तम मोटार आपल्या हाती राहील ह्याचीच तजवीज त्याने पाहिली, असा ठपका ठेवला. मुद्दाम मोटार बिघडवल्याच्या आरोपात आम्हांला तथ्य दिसत नाही. कोणती पेढी आपल्याच मोटारीचे नुकसान करून आपलीच शर्यत घालवील? पण फेरारीचा ठपकाही तपासून घेतला पाहिजे. उत्तम मोटार शोधणे हा चालकाचा दोष, तर मग उत्तम चालक शोधणे हा पेढीचा दोष का मानू नये? फेरारीने फान्जिओला घेतले ते त्याच्यावरील प्रेमाने नव्हे. तो त्या वेळचा सर्वांत चांगला चालक होता म्हणून.

निर्णयाची परीक्षा १९५७ मध्ये झाली. अर्जेंटिना, मोनॅको आणि फ्रान्समधील रूआँ येथील शर्यती फान्जिओने जिंकल्या. मग ४ ऑगस्टला जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग हा मार्ग आला: डोंगरझाडीतून वळसे घेत जाणारी सुमारे पावणेतेवीस किलोमीटरची एक फेरी, आणि अशा बावीस फेऱ्या. फेरारीच्या चालकांनी टाकी पूर्ण भरून न थांबता जायचे ठरवले. फान्जिओने अर्धीच टाकी भरली. हलक्या मोटारीने आघाडी घ्यावी, मध्ये एकदा थांबून पेट्रोल आणि टायर घ्यावे, असा त्याचा बेत. आघाडी त्याने घेतली. पण बाराव्या फेरीनंतर मोटार थांबली, तेव्हा मेकॅनिकांचा वेळ फार गेला. तो पुन्हा निघाला तेव्हा पाऊण मिनिटाहून अधिक मागे होता. ज्या मेकॅनिकांवरील विश्वासापोटी तो ह्या घरी आला, त्यांच्याच हातून ही दिरंगाई झाली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. नवे घर म्हणजे निर्दोष घर नव्हे.

पुढे जे घडले ते शर्यतींच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते. त्याने मार्गावरील विक्रम फेरीमागून फेरी मोडला. आदल्या वर्षीची त्याचीच सर्वोत्तम फेरी नऊ मिनिटे साडेएक्केचाळीस सेकंदांच्या आसपासची होती. विसाव्या फेरीत त्याने नऊ मिनिटे साडेसतरा सेकंदांच्या आत ती पुरी केली. एकविसाव्या फेरीत त्याने पुढच्या दोन्ही फेरारी मोटारी गाठल्या आणि मागे टाकल्या. एकीत माइक हॉथॉर्न होता, दुसरीत पीटर कॉलिन्स. साडेतीन सेकंदांच्या किंचित वर अंतराने त्याने शर्यत जिंकली आणि शेहेचाळीसाव्या वर्षी पाचवे जगज्जेतेपद त्याचे झाले. आपण त्या दिवशी स्वतःच्या मर्यादेपलीकडे गेलो होतो, आणि तसे हाकण्याची पुन्हा इच्छा नाही, असे तो पुढे सांगत असे. शर्यत संपल्यावर हॉथॉर्न आणि कॉलिन्स हरलेल्या माणसांसारखे वागले नाहीत. एखाद्या वडीलधाऱ्याचे कौतुक करावे तसे त्यांनी त्याला घेरले. अकरा महिन्यांपूर्वी ज्याने आपली मोटार दिली होती, त्यालाच मागे टाकून फान्जिओ जिंकला होता, आणि त्या तरुणाच्या मनात कडवटपणाचा लेश दिसला नाही. ज्याला ह्या निर्णयाविषयी तक्रार करण्याचा खरा अधिकार होता, त्याने ती केली नाही.

ह्यानंतरचा भाग दुःखाचा आहे. कास्तेलोत्ती मार्च १९५७ मध्येच मोडेना येथे मोटारीची चाचणी घेताना मरण पावला होता. फेरारीचाच आल्फोन्सो दे पोर्तागो मे महिन्यात मिल्ले मिल्या ह्या शर्यतीत सहचालकासह गेला, आणि त्या अपघातात रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक ठार झाले. मुसो ६ जुलै १९५८ रोजी फ्रान्समध्ये रांस येथे गेला. कॉलिन्स त्यानंतर चारच आठवड्यांनी, ३ ऑगस्टला, त्याच न्यूर्बुर्गरिंगवर गेला. ज्या पुढच्या काळाच्या भरवशावर त्याने मोंझाला आपली मोटार दिली होती, तो काळ दोन वर्षांचाही नव्हता. ह्या मृत्यूंचा दोष फेरारीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या काळी सर्वच पथकांत माणसे मरत. पण ज्या घराविषयी आपण निष्ठेची भाषा बोलतो, त्या घरासाठी माणूस काय पणाला लावत होता, हे तरी त्यावरून कळावे.

मासेरातीचेही फार काळ टिकले नाही. पैशाची ओढाताण होतीच, त्यात १९५७ च्या नोव्हेंबरात काराकासच्या शर्यतीत तिच्या मोटारींचा चक्काचूर झाला. वर्षाअखेर तिने आपले अधिकृत पथक बंद केले. तिसऱ्यांदा एका पेढीने फान्जिओच्या मागे दार लावले. मुसो गेला त्याच रांसच्या शर्यतीत फान्जिओ चौथा आला आणि तेथेच त्याने थांबायचे ठरवले. एक्कावन्न शर्यतींत चोवीस विजय, चार वेगवेगळ्या पेढ्यांच्या मोटारींत मिळून पाच जगज्जेतेपदे. पाच ही संख्या २००३ साली मिखाएल शूमाखरने ओलांडली. चार पेढ्यांचा विक्रम मात्र आजवर कोणी गाठलेला नाही. फान्जिओ १७ जुलै १९९५ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारला.

तर मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आमच्या मते घर सोडणाऱ्याला 'का गेलास?' एवढेच विचारून भागत नाही. तीन प्रश्न विचारावेत. दिलेला शब्द अर्धवट टाकून गेला का? फान्जिओने वर्ष पुरे केले आणि त्या घराला जगज्जेतेपद मिळवून देऊनच तो निघाला. लपूनछपून गेला का? तो सर्वांच्या देखत शेजारच्या कारखान्यात गेला. मिळालेल्या मोकळिकीचे त्याने काय केले? ह्याचे उत्तर त्याने न्यूर्बुर्गरिंगवर दिले. पाच वर्षांनी लिहिलेल्या आरोपांनी त्याने स्वतःची बाजू थोडी हलकी केली, हेही मान्य करावे लागेल. जाणाऱ्याने जाताना आणि गेल्यावरही जुन्या घराविषयी जपून बोलावे, एवढा संयम त्याच्याकडून हवा होता.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. घर बदलण्याची ही मोकळीक फान्जिओला होती, कारण तो जगज्जेता होता. चार घरांची दारे त्याच्यासाठी उघडी होती. त्याच्या मोटारीचे बोल्ट आवळणाऱ्याला ती नव्हती, आणि नवख्या चालकालाही नव्हती. निष्ठेचा उपदेश बहुधा ज्यांना दुसरी वाटच नाही अशांना केला जातो. आणि ज्यांना वाट आहे ते गेले की त्यांना कृतघ्न म्हटले जाते. घराला निष्ठा हवी असेल तर घरानेही ती पाळावी लागते: माणसाला त्याच्या कामाची साधने नीट द्यावी लागतात, त्याच्या जिवाची काळजी वाहावी लागते, आणि एके दिवशी दार लावून घेताना त्याचे काय होईल ह्याचा विचार करावा लागतो. आल्फा रोमिओ, मर्सिडीस आणि मासेराती ह्या तिघींनी आपापल्या हिशेबाने दारे लावली. त्यांना निष्ठाहीन कोणी म्हटले नाही. मग एका माणसाने आपल्या हिशेबाने एक दार ओलांडले, तर त्यालाच तेवढा तो शब्द का लावावा?